सर, हे पायथनिक नाहीये

पायथन शिकवणारी पुस्तकं आणि व्हिडिओ दोनच प्रकारच्या माणसांसाठी असतात. पहिल्याला काहीच येत नसतं. त्याला पहिल्याच धड्यात सांगतात की व्हेरिएबल म्हणजे एक डबा, त्यात आपण आकडा ठेवायचा. दुसऱ्याला सगळंच येत असतं. त्याला मेटाक्लासच्या पोटात काय चालतं ते सांगतात. ज्याला सगळं येतं पण दुसऱ्या भाषेत येतं, त्या तिसऱ्या माणसाची कोणी दखलच घेतलेली नाही. पहिल्या धड्यात त्याचा अपमान होतो, शेवटच्या धड्यात त्याला घाम फुटतो आणि मधले धडे तो ‘हे आपल्याला माहीत आहे’ म्हणत दुप्पट वेगाने पळवतो.

मी त्या तिसऱ्यांपैकी. जावावाला. उमेदीची सगळी वर्षं बँकांची खाती आणि विम्याचे हप्ते जावात मोजण्यात गेली. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा कुठेही जा, चहाच्या टपरीवर खडा मारला तर तो जावावाल्याला लागेल अशी परिस्थिती अगदी आत्तापर्यंत होती. मग एक दिवस मॅनेजर म्हणतो, “पुढचं काम पायथनमध्ये आहे. दोन्ही ऑब्जेक्ट ओरिएंटेडच ना? तुम्हाला काय, दोन आठवड्यांत येईल!” या ‘तुम्हाला काय’मध्ये कौतुक किती आणि बजेट किती, याचा हिशेब अजून कोणालाही मांडता आलेला नाही.

दोन्ही ऑब्जेक्ट ओरिएंटेडच, हे खरं आहे. पण तेवढ्याने काही होत नाही. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे सिम्युला. १९६०च्या दशकात ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी ती घडवली आणि १९६७ च्या सिम्युलात क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स सगळं होतं. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी ती केंब्रिजला असताना वापरली आणि पुढे १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीला क्लास जोडायला घेतले. त्यातून सी प्लस प्लस आली. तिकडे झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत ॲलन के यांनी स्मॉलटॉक मांडली. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हे नाव याच के साहेबांनी दिलेलं. आणि १९९७ मध्ये त्यांनीच भर सभेत सांगून टाकलं की हे नाव दिलं तेव्हा सी प्लस प्लस माझ्या डोक्यात नव्हती. त्यांच्या मते खरी गंमत ऑब्जेक्टांमध्ये नाहीच, ऑब्जेक्ट एकमेकांना जे निरोप पाठवतात त्यांत आहे. म्हणजे घराण्याचं आडनाव ज्याने ठेवलं, तोच म्हणतो की ही मंडळी आमच्यातली नव्हेत. अशा कुळातल्या दोन शाखांचं जमेल, असं फक्त मॅनेजर मानू शकतो.

त्यात आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि मनाला लागली. आम्ही पायथनला ‘हल्लीच्या मुलांची भाषा’ म्हणतो. गीडो व्हान रॉसम यांनी ती १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ॲम्स्टरडॅममध्ये लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांना दिली. जावा आली १९९५ मध्ये. हल्लीची मुलगी वयाने थोरली निघाली! तोवर मी टीममध्ये तिचा उल्लेख जरा वडीलकीने करत होतो.

जावात ‘नमस्कार’ एवढंच पडद्यावर उमटवायचं, तरी आधी क्लास उघडायचा, मग ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ म्हणायचं, मग कंसात स्ट्रिंगची ॲरे मागवायची, मग ‘सिस्टिम डॉट आउट डॉट प्रिंटलाइन’. नव्या मुलांनी अर्थ विचारला की आम्ही म्हणायचो, “पुढे कळेल, आत्ता लिहा.” पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललं. पायथनमध्ये ‘प्रिंट’ म्हणायचं, कंसात नमस्कार घालायचा आणि झालं. नवशिका हे पाहून खूश होतो. अनुभवी माणूस अस्वस्थ होतो. इतकं सोपं असेल तर आजवर पगार कशाचा घेतला, हा प्रश्न मॅनेजरच्या डोक्यात येण्याआधी फाइल जरा लांबवलेली बरी, असं त्याला वाटू लागतं. दुःखाची गोष्ट अशी की २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ ने हा मंत्र सक्तीचा ठेवलेला नाही. छोट्या प्रोग्रॅमला आता क्लासही नको आणि ‘पब्लिक स्टॅटिक’ही नको. तीस वर्षं सगळ्यांकडून पाठ करून घेतलं आणि मग म्हणाले, राहू द्या.

तरी माणूस लांबवतोच. मी पायथनमध्ये लिहिलेला पहिला भरीव तुकडा म्हणजे व्याज काढणारा क्लास होता. त्याच्यावर एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास, शेजारी एक फॅक्टरी. आमच्याकडे ही पद्धत आहे. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये ‘ॲबस्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन’ नावाचा क्लास खरोखर आहे. थट्टा म्हणून नव्हे, कामासाठी. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाने व्याजाला नुसतं ‘व्याज’ म्हणणं जरा उघडंबोडकं वाटतं.

रिव्ह्यूला आमच्या टीममधली एक मुलगी होती. मी कामाला लागलो तेव्हा ती बहुधा बालवाडीत असेल. तिने बराच वेळ स्क्रीन खाली-वर केली.

“सर, चालतंय. पण हे पायथनिक नाहीये.”

“म्हणजे?”

“या क्लासमध्ये दोनच मेथड आहेत. एक सुरुवातीला व्हॅल्यू ठेवून घेते, दुसरी व्याज काढते. याचं साधं फंक्शन केलं तर?”

“आणि ते फंक्शन राहणार कुठे?”

“फाइलमध्ये.”

“कुठल्या क्लासमध्ये?”

“क्लासमध्ये नाही, सर. नुसतं फाइलमध्ये.”

“उघड्यावर?”

ती हसली नाही, ही तिच्या घरच्यांची पुण्याई. पुढे कळलं की हा काही तिच्या एकटीचा चावटपणा नव्हे. २०१२ च्या पायकॉन परिषदेत जॅक डीडरिक यांनी ‘क्लास लिहिणं थांबवा’ याच विषयावर भाषण दिलं होतं आणि ज्या क्लासमध्ये दोनच मेथड आहेत आणि त्यातली एक मांडामांड करणारी आहे तो क्लासच नव्हे, असं सुनावलं होतं. ही व्याख्या लावली तर माझ्या आयुष्यभराच्या कामातून नक्की काय शिल्लक राहतं, हे पाहायला मी गेलो नाही. माणसाने स्वतःच्या तब्येतीची काळजी घ्यावी.

डिझाइन पॅटर्नचंही तेच. १९९४ मध्ये चौघांनी मिळून लिहिलेल्या त्या जाडजूड पुस्तकात २३ पॅटर्न आहेत आणि आमच्या पिढीने ते मुलाखतींसाठी अथर्वशीर्षाइतके घोटले. सिंगलटनचे प्रकार फाडफाड सांगितले की नोकरी पक्की होत असे. पीटर नॉर्विग यांनी मागेच दाखवून दिलं होतं की लिस्प किंवा डिलनसारख्या लवचीक भाषांत यातले १६ पॅटर्न एक तर दिसेनासे होतात किंवा फार सोपे होतात. आता पायथनमध्ये सिंगलटन कसा करायचा म्हणून मी विचारलं, तर ती मुलगी म्हणाली, “वेगळी फाइल करा ना सर. मॉड्यूल एकदाच लोड होतं.” एवढंच. त्यावर पुढचा प्रश्नही विचारता येत नाही.

खरा सांस्कृतिक धक्का मात्र ‘प्रायव्हेट’चा. जावात आम्ही क्लासमधली प्रत्येक माहिती प्रायव्हेट करतो आणि लगेच तिच्यासाठी एक गेटर आणि एक सेटर, दोन्ही पब्लिक, लिहून देतो. लिहितोही कुठे, एडिटर एका बटणावर तयार करून देतो. म्हणजे कडेकोट कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपातच लटकवून ठेवायची. पायथनमध्ये कुलूपच नाही. नावाच्या आधी एक अंडरस्कोर काढला की समजायचं, हे आतलं आहे, बाहेरच्यांनी हात लावू नये. लावला तर भाषा काहीही म्हणत नाही. ही शुद्ध पुणेरी पाटी आहे. दार सताड उघडं आणि वर लिहिलेलं, ‘विनाकारण आत येऊ नये’. दोन अंडरस्कोर काढले तर पाटी जरा अधिक कडक होते. भाषा त्या नावाला पुढे क्लासचं नाव चिकटवून ते बदलून टाकते, पण ते बदललेलं नाव माहीत असेल तर तुम्ही खुशाल आत जा. म्हणजे सगळी भिस्त माणसाच्या लाजेवर. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला खरं तर हे लगेच पटायला हवं होतं. पण जावाने इतकी वर्षं शिकवलं होतं की लाजेवर नव्हे, कंपायलरवर विश्वास ठेवा.

कंपायलरची आठवण अशी मधूनमधून येतच राहते. जावाचा कंपायलर पावलोपावली टोकतो. हे पाठवताय ते इंटिजर आहे, तिथे स्ट्रिंग हवं. हे एक्सेप्शन कोण पकडणार, आधी सांगा, नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. त्या वेळी वैताग यायचा. पायथन टोकत नाही. तिच्या गोतावळ्यात म्हणच आहे की परवानगी मागण्यापेक्षा माफी मागणं सोपं. आधी करून बघा, फसलं तर एक्सेप्शन पकडा. रजेच्या अर्जावरसुद्धा ‘कृपया मंजुरी मिळावी’ असं लिहिणाऱ्या माणसाला हा धर्म पचायला वेळ लागतो. शिवाय चूक कळते ती ती ओळ चालते तेव्हा. जी ओळ महिन्यातून एकदाच, महिनाअखेरीला, रात्री चालते, तिच्यातली चूक महिनाअखेरीला, रात्रीच कळते. फोन कोणाला येतो ते सांगायला नको. ज्याने ती ओळ लिहिली त्याला येत नाही. अनुभवी माणसाला येतो.

मग मला टाइप हिंट सापडल्या. २०१५ च्या पायथन ३.५ पासून तुम्ही लिहू शकता की हा पॅरामीटर आकडा आहे, हा मजकूर आहे. मी आनंदाने घरभर लिहीत सुटलो. सगळीकडे. त्या मुलीने हळूच सांगितलं, “सर, प्रोग्रॅम रन होताना पायथन हे तपासत नाही. त्यासाठी वेगळं टूल लावावं लागतं.” म्हणजे आकडा येणार म्हणून लिहिलंय तिथे तुम्ही मजकूर पाठवलात तरी नुसत्या हिंटसाठी ती तुम्हाला अडवणार नाही. इथेही पाटीच.

कंसांबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात. महिरपी कंस नाहीत, ओळ किती आत सरकली आहे त्यावरून कोण कोणाच्या पोटात ते ठरतं. एवढंच नोंदवतो की आमच्या टीमच्या कितीतरी दुपारी महिरपी कंस त्याच ओळीवर उघडायचा की खालच्या, या वादात सत्कारणी लागलेल्या आहेत. पायथनने तो वादच रद्द केला आणि त्या दुपारी मोकळ्या पडल्या. कंस हवेतच असा हट्ट असेल तर भाषेने त्याचीही सोय करून ठेवली आहे. भविष्यात येणाऱ्या सुविधा आधी मागवायची एक पद्धत आहे, तिने तुम्ही ‘ब्रेसेस’ मागवून बघा. सिंटॅक्स एरर येते आणि सोबत उत्तर येतं की नाव सोडा. भाषा घडवणाऱ्यांनी ही थट्टा मुद्दाम आत शिवून ठेवलेली आहे. जावाच्या कंपायलरने मला आजवर अनेक बोल लावले, पण विनोद कधी केला नाही.

‘सेल्फ’चं मात्र अजूनही जमत नाही. प्रत्येक मेथड लिहिताना पहिला पॅरामीटर सेल्फ. बोलावताना तो द्यायचा नाही, लिहिताना मात्र घ्यायचा. विसरलात की निरोप येतो, एक आर्ग्युमेंट हवं होतं, तुम्ही दोन दिलीत. दिलेलं एकच असतं! समोर कोणी नसताना आपल्यावर जास्तीचं दिल्याचा आळ यावा, हे बँकेच्या प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला झोंबतं.

कोणी म्हणेल, आता एवढं शिकायचंच कशाला, एआय लिहून देतं. देतं ना. पण एआय फार भिडस्त असतं. मी विचारलं, पायथनमध्ये इंटरफेस कसा लिहू, तर त्याने ‘छान प्रश्न’ म्हणून ॲबस्ट्रॅक्ट बेस क्लास लिहून दिला. फॅक्टरी मागितली तर फॅक्टरी दिली. सेटर मागितले तर सेटर. जावाचे जावईलाड पायथनमध्येही तसेच चालू. ‘तुम्हाला हे नकोच आहे’ असं तोंडावर सांगणारी त्या इमारतीत एकटी ती मुलगी होती.

गंमत अशी की मी इकडे थोडक्यात लिहायला शिकत असताना जावाही तेच शिकत होती. २०१४ मध्ये लॅम्डा आले. २०१७ मध्ये ओळ लिहिली की लगेच उत्तर देणारं जेशेल आलं, २०१८ मध्ये टाइपचं नाव गाळायची सोय करणारं ‘व्हार’ आणि २०२१ मध्ये गेटरांचा कचरा झाडणारे रेकॉर्ड. पायथन हिंट लावून जरा भारदस्त होऊ पाहते आहे, जावा दागिने उतरवून सुटसुटीत होऊ पाहते आहे. आणखी थोडा धीर धरला असता तर जागेवर बसूनच पायथनवाला झालो असतो.

आणि हो, जाता जाता. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबलची नावं देवनागरीत देता येतात. जावात तर ती सोय आधीपासूनच आहे. ‘मुद्दल’, ‘व्याजदर’, ‘थकबाकी’ अशी नावं देऊन अख्खा प्रोग्रॅम चालतो. मजकुरातला ‘१२३’ सुद्धा दोघी बिनतक्रार आकडा म्हणून वाचतात. आपल्या अनेक वेबसाइटींना तो अजून वाचता येत नाही. ही सोय कोणी वापरताना दिसत नाही. मी एकदा ‘थकबाकी’ लिहून पाहिलं. रिव्ह्यूत कोणीच काही बोललं नाही, क्लायंटच्या माणसाने मात्र हा कुठला व्हायरस आहे का विचारलं.

इतकं सगळं होऊनही मला पायथन आवडू लागली, आणि कशामुळे ते सांगण्यासारखं आहे. तिच्या सौंदर्यामुळे नव्हे.

अनुभवी माणसाची पुंजी काय असते? भाषा येणं ही नव्हे; ती कोणालाही येते. पुंजी असते ती तिच्या खोडींची. जावाच्या जुन्या डेट क्लासमध्ये जानेवारी हा शून्यावा महिना असतो आणि वर्ष सांगताना त्यातून १९०० वजा करावे लागतात, हे मला माहीत आहे. ईक्वल्स बदललं आणि हॅशकोड बदलायचा राहिला तर मॅपमध्ये ठेवलेली वस्तू मॅपमध्ये असूनही सापडत नाही, हे माहीत आहे. सगळ्यात लाडकी खोड म्हणजे इंटिजरची. दोन इंटिजर ऑब्जेक्ट दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ताडून पाहिले तर १२७ हे १२७ च्या बरोबर असतं, पण १२८ हे १२८ च्या बरोबर असेल याची खात्री नाही, बहुतेक वेळा नसतंच. उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा तयार करून ठेवते आणि तेच तेच देते, पुढच्यांसाठी सहसा नवा बनवते. आणि ते चिन्ह किंमत नव्हे, ऑब्जेक्ट तोच आहे का ते बघतं. या एका खोडीवर मी किती मुलाखती घेतल्या, किती उमेदवारांचे चेहरे पडताना पाहिले! पायथनमध्ये दुहेरी बरोबर सरळ किंमत ताडतं. एका रात्रीत माझी सगळी पुंजी चलनातून बाद झाली.

मग हळूहळू पायथनच्या खोडी हाती लागू लागल्या. खरं म्हणजे खरा आकडाच असतो. ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन. फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी लिस्ट डिफॉल्ट म्हणून दिली तर ती दर वेळी नवी येत नाही, एकदाच बनते आणि पहिल्याने टाकलेला माल तिसऱ्याच्या हाती लागतो. टोनी होअर यांनी १९६५ मध्ये ‘नल’ आणलं आणि २००९ मध्ये ही आपली अब्ज डॉलरची चूक म्हणून जाहीर कबुली दिली. ते नल इथे ‘नन’ नाव घेऊन राहतं आणि त्याच वेळी, त्याच ठिकाणी दगा देतं. प्रत्येक शोधाबरोबर माझी मान जरा ताठ होत होती. आणि एका दुपारी मोठं घबाड सापडलं. नेहमीच्या वापरातल्या पायथनमध्येही, वर्षानुवर्षं, उणे ५ ते २५६ पर्यंतचे आकडे तयार करून ठेवलेले असतात! ‘इज’ने ताडून पाहिलं तर हिशेबातून आलेले दोन २५६ एकच निघतात आणि दोन २५७ वेगळे निघू शकतात. तीच खोड, फक्त १२७ ची २५६ वर सरकलेली. परक्या गावात कोणीतरी आपल्या आडनावाचं भेटावं, तसा गळा दाटून आला.

मी त्या मुलीला हाक मारली. खुर्ची ओढून बसवलं. व्हाइटबोर्डवर दोन २५६ काढले, दोन २५७ काढले, मेमरीचे चौकोन काढले, बाण काढले, १९९० च्या दशकापर्यंत मागे गेलो, जावाशी तुलना केली आणि ‘इज’ने आकडे ताडले तर प्रॉडक्शनमध्ये काय अनर्थ होऊ शकतो ते सविस्तर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेजारच्या क्युबिकलमधले दोघेही उठून आले.

“कळलं का काही?” मी मार्कर ठेवत विचारलं.

“हो सर. पण आकडे ताडायला ‘इज’ वापरतं कोण?”

“तो प्रश्न नाहीये, अगं. मुलाखतीत विचारायला बरा आहे.”